दहा पौंडांचा हिशोब

दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून अरविंद निवास चालत सात-आठ मिनिटांवर. लहानपणी आजीचा हात धरून तिथे जायचे ते नुसतं शांत बसायला. तिथे कोण राहायचं, बडोद्यात ते काय नोकरी करायचे हे सगळं फार नंतर कळलं. आणि त्यांच्या पगाराची गोष्ट तर मला कळली वयाच्या पस्तिशीत, नेमकी त्या आठवड्यात जेव्हा माझ्या मेलमध्ये एक ऑफर लेटर येऊन पडलं होतं आणि हो की नाही सांगायला दोन दिवस उरले होते.

गोष्ट अशी की 1892 साली अरविंद घोष लंडनमध्ये होते, वय 20, आयसीएसची, म्हणजे इंग्रज सरकारच्या सनदी नोकरीची, परीक्षा पास झालेले पण घोडेस्वारीच्या चाचणीला गेले नाहीत म्हणून बाद. सयाजीराव महाराज त्याच सुमारास तिथे आलेले. नोकरीचं बोलणं निघालं, पण पगार किती मागायचा हे अरविंदांच्या बाजूच्या कोणालाच माहीत नाही. मग कुणा जाणत्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, 200 रुपये मागा, पण 130 दिले तरी हो म्हणून टाका, चांगली रक्कम आहे. तो माणूस पौंडात मोजत होता, महिन्याचे 10 पौंड म्हणजे त्याच्या मते भरपूर, त्याचे रुपये केले की झाले 130. पुढची बोलणी मोठ्या भावाने आणि जेम्स कॉटन नावाच्या ओळखीच्या गृहस्थांनी केली आणि 200 वर ठरलं. आणि मग महाराज म्हणे लोकांना सांगायचे की आयसीएसच्या तोडीचा माणूस मला 200 रुपयांत मिळाला! हे अरविंदांनी स्वतःच पुढे पाँडिचेरीत आपल्या शिष्यांना सांगितलेलं आहे. फेब्रुवारी 1893 मध्ये ते बडोद्याला रुजू झाले आणि 1906 पर्यंत इथे होते.

मी ते वाचलं आणि लॅपटॉप बंद करून बराच वेळ तशीच बसून राहिले. पगार कमी ठरला याचं मला एवढं काही नाही वाटलं, मला लागलं ते दुसरंच. त्यांना सल्ला देणारा माणूस वाईट नव्हता, खोटं बोलत नव्हता, त्याचा काही फायदाही नव्हता त्यात. तो फक्त स्वतःच्या नाण्यात मोजत होता.

माझे बाबापण.

आमच्या घरात तीन पिढ्या नोकरीच. पणजोबा आणि आजोबा दोघे गायकवाड सरकारच्या चाकरीत, 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा आजोबा तिकडे वर्ग झाले, आणि बाबा गुजरात सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क लागले ते हेडक्लार्क होऊन रिटायर झाले. त्यामुळे आमच्याकडे पगार ‘ठरवत’ नाहीत, पगार ‘लागतो’. अमुक स्केल लागली, इन्क्रिमेंट लागलं, डीए लागला, पे कमिशन लागलं. शब्दच बघा ना, पाऊस लागावा तसा. तो वरून येतो, आपण फक्त वाट बघायची आणि एरियर्स आले की घराला रंग द्यायचा. माझ्या आईवडिलांच्या तोंडून ‘मी इतके मागितले’ हे वाक्य मी कधी ऐकलं नाही, कारण तसा प्रसंगच त्यांच्या आयुष्यात आला नाही.

समोरच्या घरात मात्र फरसाणचं दुकान असलेले गुजराती काका. त्यांच्याकडे जेवायला बसलं तरी बेसनाचा भाव, तेलाचा डबा, कोणाची उधारी, कुठे किती मार्जिन सुटतं, सगळं मुलांसमोर उघड चालायचं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. तिला आठवीत माहीत होतं की एक किलो पापडीमागे घरात किती येतात, आणि मला बाबांचा पगार किती हे कॉलेजचा फॉर्म भरेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे पैशाबद्दल बोलणं थोडं हलकंच समजायचे. अजूनही बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत तसंच आहे, आणि मला त्याचा राग येतो, कारण त्या सभ्यतेची किंमत मुलं भरतात, मुली तर जास्तच.

2009 मध्ये मी कलाभवनातून, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून, मेकॅनिकल करून बाहेर पडले. मंदीचं वर्ष, नोकऱ्या नव्हत्या, आणि इथल्याच एका डिझाइन कंपनीने बोलावलं, वर्षाला 1 लाख 80 हजार. मी घरी फोन केला, बाबा म्हणाले अगं पहिल्याच महिन्याला पंधरा हजार, मला पंधरा हजार बघायला किती वर्षं लागली माहितीये, घे बेटा, देवासमोर साखर ठेव. मी ठेवली. त्यांचा आनंद अगदी खरा होता आणि आजही मला त्या फोनचं वाईट वाटत नाही. पण ते त्यांचे 10 पौंड होते.

पुढे काय होतं ते नोकरी बदललेल्या प्रत्येकाला माहितीये. दुसऱ्या कंपनीत गेलात की पहिला प्रश्न, सध्याचा सीटीसी, म्हणजे कंपनीला वर्षाला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च, किती? त्यावर वीस टक्के, फार तर पंचवीस. तिसऱ्या कंपनीत पुन्हा तोच प्रश्न. म्हणजे 2009 च्या मंदीत बावीस वर्षांच्या मुलीला कुणीतरी लावलेला एक आकडा तिच्या पाठीमागून चालत राहतो, ती लीड होते, तिच्या हाताखाली सात माणसं येतात, तरी तिचा पगार मोजायचा तो त्या साखरेच्या दिवसापासून. माझी एक मैत्रीण बॉस्टनला आहे, ती सांगत होती की तिथे मॅसॅच्युसेट्समध्ये जुलै 2018 पासून कायदाच आहे, ऑफर देण्याआधी जुना पगार विचारायचाच नाही. आपल्याकडे अजून बिनदिक्कत तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागतात, आणि आपण पीडीएफ करून पाठवतो.

मला जाग आली ती एका एक्सेल शीटमुळे. आमचं काम पायपिंग डिझाइनचं, म्हणजे रिफायनरी नाहीतर केमिकल प्लांटमधले पाइप कुठून कसे जाणार ते मॉडेलमध्ये बसवायचं, आणि हे काम क्लायंटला विकलं जातं तासांवर, मॅन-अवर्सवर. 2021 मध्ये एका बिडसाठी, म्हणजे टेंडरसाठी, मॅन-अवरचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलं. मी तास भरले, कमर्शियलवाल्यांनी रेट भरले, आणि चुकून म्हणा किंवा घाईत म्हणा, शीट रेटसकट माझ्याकडे परत आली. माझ्या ग्रेडच्या माणसाचा एक तास कंपनी कितीला विकते ते मी पहिल्यांदा बघितलं. मग माझा महिन्याचा पगार महिन्याच्या तासांनी भागला. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले.

आता कंपनीला जागा, लाइट, सॉफ्टवेअरची लायसन्सं, रिकामे बसलेले तास, सगळं त्यातूनच भागवायचं असतं हे मला कळतं, फरक राहणारच. पण एवढा? त्या रात्री मला झोप आली नाही, आणि राग कंपनीचा कमी आणि स्वतःच्या बारा वर्षांचा जास्त आला. कारण बारा वर्षांत मी एकदाही कोणाला विचारलं नव्हतं की माझ्या कामाचा बाजारात भाव काय आहे. मी प्रत्येक वेळी फक्त हे बघितलं की आधीपेक्षा जास्त आहे ना.

मग 2022 ला ही ऑफर आली. माझा तेव्हाचा सीटीसी 9 लाख 60 हजार, आणि यांनी दिले 12 लाख. बरोबर पंचवीस टक्के, ठरल्याप्रमाणे. फोनवर एचआरची मुलगी अगदी आनंदाने म्हणाली, मॅम, वन लाख पर मंथ! घरी सांगितलं तर बाबांनी परत देवाकडे बघितलं.

मी मात्र यावेळी कागद घेऊन बसले. आणि हा भाग मी जरा सावकाश लिहिणार आहे कारण मला तो कुणी आधी असा मांडून दाखवला असता तर फार बरं झालं असतं. 12 लाखांतले 1 लाख 20 हजार व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं आणि माझं रेटिंग चांगलं आलं तर वर्षाच्या शेवटी, नाही आलं तर नाही. ते बाजूला काढले, राहिले 10 लाख 80 हजार. बेसिक पूर्ण 12 लाखांच्या चाळीस टक्के, 40,000 महिना. त्यावर कंपनीचा पीएफ बारा टक्के, वर्षाचे 57,600, हेही सीटीसीतच धरलेले. पैसे माझेच आहेत, पण हातात नाहीत. मग ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, बेसिकच्या 4.81 टक्के, 23,088 रुपये, आणि हे तर पाच वर्षं टिकलात तरच मिळणार, तरी पहिल्या दिवसापासून माझ्या ‘पॅकेज’मध्ये मोजलेले. मेडिक्लेमचा प्रीमियम 15,000. हे सगळं वजा केलं की महिन्याला ग्रॉस येतो 82,026. त्यातून माझा पीएफ 4,800 आणि गुजरातचा प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की 77,026, आणि इन्कम टॅक्स अजून कापायचाच आहे. एक लाखाचे सत्याहत्तर हजार झाले, आणि यात कुणी खोटं बोललेलं नाही, सगळं त्या अॅनेक्शरमध्ये, म्हणजे लेटरच्या पुरवणीत, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

याशिवाय कागदावर नसलेला एक आकडा होता. जुन्या कंपनीत मला चार वर्षं चार महिने झालेले. सोडलं की ग्रॅच्युइटी गेली. जुनं बेसिक 32,000, त्याला पंधरा भागिले सव्वीस, गुणिले पाच वर्षं, म्हणजे 92 हजारांवर पैसे मी टेबलावर सोडून जाणार होते. हे नवीन कंपनीला माहीत असायचं कारण नाही, ते मीच सांगायला हवं होतं. आणि बाबांची अँजिओप्लास्टी 2019 ला झालेली, शिवाय डायबिटिस, त्यांना स्वतंत्र पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजारांना चार-चार वर्षं वेटिंग सांगत होते. ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील घातले तर बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर होतं. माझ्यासाठी ती एक ओळ लाखभर रुपयांपेक्षा मोठी होती.

पण मागायचं किती, हा प्रश्न तसाच होता. मला माझ्या कामाचा भाव माहीत नव्हता. आणि इथे मी आयुष्यात पहिल्यांदा ते केलं जे आमच्या घरात कुणी केलं नव्हतं. माझ्याबरोबर आधी काम केलेला एकजण होता, आता दुसऱ्या कंपनीत, त्याला म्हटलं चल सेव-उसळ खाऊ. बडोद्यात कुठलीही अवघड गोष्ट सेव-उसळीवर जरा सोपी होते, पण तिखट रस्सा दोनदा वाढून झाला तरी माझ्या तोंडून शब्द निघेना. ‘तुझा पगार किती’ हे मला विचारताच येत नव्हतं, जीभ जड व्हायची. शेवटी मी म्हटलं, हे बघ, तुझं नको सांगू, पण तेरा वर्षांच्या पायपिंग लीडला तुमच्याकडे आज बाहेरून घेतलं तर काय देतात? तो लगेच म्हणाला, साडेतेरा ते सोळा. एवढा सरळ. जसं काही मी त्याला रिक्षाचं भाडं विचारलं. मग अजून दोघींना फोन केले, एक पुण्यात एक इथेच, त्यांनीही थोड्याफार फरकाने तेच सांगितलं.

तीन माणसं. बारा वर्षं आणि तीन माणसं. घरी येताना सूरसागरापाशी गाडी बाजूला लावली आणि पाळीवर बसून राहिले, समोर महादेवाची एवढी मोठी मूर्ती पाण्यात उभी, आणि मला एकदम समोरच्या फरसाणवाल्या काकांचं बोलणं आठवलं, ते कुणाही मुलाला म्हणायचे, पूछवामां शुं जाय? विचारण्यात काय जातं. आमच्या घरात मात्र विचारण्यातच सगळं काही जायचं.

दुसऱ्या दिवशी एचआरला फोन केला. मी कागदावर लिहून ठेवलं होतं आणि त्या कागदावर एका ठिकाणी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं ‘घराचं काही बोलायचं नाही’. म्हणजे होम लोन, मुलाची शाळा, बाबांचं आजारपण यातलं काही कारण म्हणून द्यायचं नाही, कारण माझा हप्ता किती यावर माझ्या कामाची किंमत ठरत नाही. मी म्हटलं, मला काम आवडलंय आणि मला यायचंय, पण तेरा वर्षांच्या लीडला बाजारात जो रेट आहे त्यापेक्षा हा आकडा खाली आहे, मी साडेचौदाची अपेक्षा धरून आहे. आणि गप्प बसले.

ती शांतता मला अजून आठवते. पाच-सहा सेकंद असेल, पण तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की ऑफर जाणार, आता ती म्हणणार ठीक आहे मॅम, नको मग. ‘नाही जमलं तरी चालेल’ हे वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं, मी ते गिळलं. ती म्हणाली, मॅम तुमच्या सध्याच्या सीटीसीवर आम्ही ऑलरेडी पंचवीस टक्के दिलेत. मी म्हटलं, हो, पण माझा सध्याचा सीटीसी हा माझ्या 2009 च्या पहिल्या पगारावर टक्के चढवत चढवत आलाय, तुम्ही जी पोस्ट भरताय तिचं काम 2022 चं आहे. ती म्हणाली बजेट बघून सांगते.

दोन दिवस फोन नाही. ते दोन दिवस फार वाईट गेले, नवरा म्हणत होता होईल गं, आई म्हणत होती कशाला ताणलंस, बाबा काहीच म्हणत नव्हते. तिसऱ्या दिवशी फोन आला, 13 लाख 40 हजार, यापुढे बँडच, म्हणजे त्या पोस्टच्या पगाराची मर्यादाच, संपतो. मी म्हटलं चालेल, मग त्यातलं व्हेरिएबल दहाचं पाच टक्के करा, आईवडील मेडिक्लेममध्ये घाला आणि माझी जी ग्रॅच्युइटी बुडतेय तेवढा जॉइनिंग बोनस द्या. व्हेरिएबलला नाही म्हणाली, सगळ्यांना सारखंच आहे. बाकी दोन्हीला हो. बोनस 90 हजार, पण वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. हे सगळं मी मेलवर मागून घेतलं, रिव्हाइज्ड लेटर हातात आल्यावरच राजीनामा टाकला, आणि नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा होता तो पूर्ण केला.

त्या मेडिक्लेमचा उपयोग पुढच्याच वर्षी झाला, बाबा आठ दिवस अॅडमिट होते. डिस्चार्जच्या दिवशी बिल पास झाल्याचा मेसेज मी त्यांना दाखवला, तर त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, हे तू मागून घेतलं होतंस ना? मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत, खिडकीतून बाहेर बघत राहिले. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी त्यांची जुनी डायरी काढली, ज्यात ते 1974 पासून दर महिन्याचा पगार लिहायचे, आणि मला म्हणाले, यातला एकही आकडा मी सांगितलेला नाही गं, सगळे मला सांगितलेले आहेत.

हे सगळं आज लिहायचं कारण दादाची मुलगी. गेल्या महिन्यात तिला पहिली ऑफर आली, डेटा अॅनालिस्ट म्हणून, 4 लाख 20 हजार, दोन वर्षांचा बाँड, म्हणजे तोवर नोकरी सोडायची नाही, आणि ती धावत माझ्याकडे आली कारण घरात आता अशी समजूत आहे की आत्याला यातलं कळतं. तिने आकडा सांगितला आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? अगं छान आहे की, आम्हाला 1 लाख 80 हजार होते!

बोलले आणि तिथेच थांबले.

मी माझ्या पौंडात मोजत होते. अगदी तसंच, तेवढ्याच प्रेमाने. मला पायपिंगच्या लीडचा भाव माहितीये, तोही चार वर्षांपूर्वीचा, डेटाच्या कामाला आज बडोद्यात काय देतात आणि बंगळुरूत काय देतात यातलं मला काहीही माहीत नाही. तिला मी तेच सांगितलं. म्हटलं आकड्याचं मला नको विचारूस, तुझ्याच लाइनीत गेल्या वर्षी लागलेले तीनजण शोध आणि त्यांना विचार, मी फक्त तो कागद वाचायला मदत करते. मग आम्ही दोघी अॅनेक्शर घेऊन बसलो. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, त्यामुळे तिच्या लेटरमधलं बेसिक माझ्यापेक्षा बरंच वेगळं दिसत होतं. पण पीएफ मात्र खऱ्या बेसिकवर नव्हता, 15,000 च्या मर्यादेवर महिन्याला 1,800 एवढाच. बाँड मोडला तर 1 लाख भरायचे, पण ट्रेनिंग कशाचं, किती दिवसांचं, त्याचा खर्च काय, याबद्दल एक अक्षर नाही. हे प्रश्न मी तिला पेन्सिलीने समासात लिहून दिले.

मग ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि एकेकाला फोन लावायला लागली. आतून मला ऐकू येत होतं, ती आधी हवापाण्याचं बोलत होती, मग अडखळत होती, मग एकदम घाईघाईने विचारून टाकत होती. दुसऱ्या फोनला आवाज जरा मोकळा झाला. बाबा माझ्या शेजारी खुर्चीत होते, पेपर तोंडासमोर धरलेला, पण पान उलटत नव्हते. तिसरा फोन संपल्यावर तिने आत डोकं घातलं आणि म्हणाली, आत्या, पाच ते साडेसहा म्हणतायत सगळे, मी किती लिहू?

मी म्हटलं, तूच लिही, मी फक्त वाचते.

तिने लिहिलं सहा. बाबांनी पेपर खाली ठेवला, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, पाठवलं का?